गोठणगावच्या तिबेटी कॅम्पात जाताय? मग हे वाचा

गोंदिया-बल्लारशा लाइनवर अर्जुनी मोरगावला उतरा, तिथून गोठणगावची गाडी धरा. नॉर्ग्येलिंग म्हणजे आपला तिबेटी कॅम्प, 1972 पासून आहे, तेव्हा भंडारा जिल्हा होता. नाव कॅम्प असलं तरी तंबू शोधू नका, घरं, शेती, गोम्पा (बौद्ध मठ) सगळं पक्कं आहे.

हिवाळ्यात शक्यतो नको, बरेच जण स्वेटर विकायला बाहेरगावी गेलेले असतात, तो सिझन म्हणजेच वर्षाची कमाई. लोसारच्या (तिबेटी नववर्षाच्या) टायमाला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरं भरलेली असतात. भेटल्यावर 'ताशी देलेक' म्हणा. गोम्पात चपला बाहेर, फेरी घड्याळाच्या काट्यासारखी, प्रार्थनाचक्रही तसंच फिरवायचं. मीठ-लोण्याचा चहा दिला तर घोट घोट घ्या, कप खाली झाला की पुन्हा भरतात, सवय नसेल तर जड जाते भाऊ.

आणि पहिल्याच भेटीत 'वापस कधी जाणार?' असं विचारू नका. इथंच जन्मलेल्या पोरांजवळही आरसी, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचं सर्टिफिकेट असते, ती रिन्यू करत राहावी लागते, 1 जुलै 1987 च्या आधी जन्मलेल्यांची गोष्ट वेगळी, ते कायद्यानं जन्मानंच भारतीय. म्हातारे तिबेटचं बोलतात, पोरं नोकरीचं, दोन्ही ऐका.