ठिपकेवाल्या जर्बिलची जोडी लावताना

कपाळावर एक पांढरा ठिपका, मानेवर दुसरा, नाकाच्या शेंड्यावर तिसरा. असं पिल्लू हवं म्हणून बरेच जण दोन्ही ठिपकेवाली जर्बिलं (उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी) एकत्र सोडतात, आणि तिथेच चुकतात. ठिपक्यांचं जनुक प्रभावी आहे, म्हणजे त्याची एक प्रत आली तरी ठिपके दिसतात. आईबापांकडून त्याच्या दोन प्रती आल्या तर पिल्लू पोटातच दगावतं. म्हणजे सरासरी चारातलं एक. त्यापेक्षा एक ठिपकेवाला आणि एक सलग रंगाचा अशी जोडी लावा. साधारण निम्मी पिल्लं ठिपक्यांची निघतात. ठिपका केवढा नि कुठे पडेल, ते मात्र आपल्या हातात नाही.

एकाच पिंजऱ्यातून उचललेली जोडी बहुतेक वेळा भावंडंच असते, तेवढं टाळा.

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. तेव्हा जोडी लावूच नये. आणि पिंजरा कूलरच्या झोतात ठेवू नका. मी ठेवला होता. दमट हवेने दोघांचे केस चिकट होऊन झाडूसारखे उभे राहिले. कोरडी, सावलीची खोली बरी.

मादी २४ ते २६ दिवसांत विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नर बाजूला काढून काही दिवसांनी परत सोडलात तर दोघं रक्त निघेपर्यंत भांडतात. म्हणून पिल्लं कोणाच्या घरी जाणार, हे जोडी लावण्याआधीच पक्कं करा. आठव्या आठवड्याच्या आत नर-मादी पिल्लं वेगळी करा.