कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला फॅन वाढवायच्या आधी खोलीचं तापमान लिहून ठेवा

एप्रिलच्या दुपारी कोल्हापुरात पारा ३७-३८ अंशांवर जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही वर. जुलैत तीच खोली पंचवीसच्या आसपास असते. त्यामुळे ‘गेम खेळताना कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड ८२ अंशांवर जातंय, चालेल का?’ याला खोलीचं तापमान कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतले आकडेही साधारण तेवढेच चढतात. म्हणून बघायचा तो खोली आणि कार्ड यांच्या तापमानातला फरक.

एचडब्ल्यू-इन्फो हे आतली तापमानं दाखवणारं सॉफ्टवेअर ‘सेन्सर्स ओन्ली’मध्ये उघडा आणि एकच गेम, एकाच सेटिंगवर, अर्धा तास चालवा. खोली, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि दिसत असेल तर हॉटस्पॉट (कार्डाच्या चिपवरची सगळ्यात तापलेली जागा), असे आकडे वहीत उतरवा. मग साइड पॅनल काढून तोच अर्धा तास पुन्हा. कार्ड पाच अंशांहून जास्त उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा कमी पडतेय, फॅनवर खर्च करायला हरकत नाही. एक-दोन अंशच उतरलं तर दोष दुसरीकडे आहे. हॉटस्पॉट कार्डाच्या आकड्यापेक्षा तीसेक अंश वर असेल तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते किंवा चिपवर बसणारा धातूचा हीटसिंक नीट टेकलेला नसतो. तिथे कॅबिनेटला कितीही फॅन लावा, उपयोग नाही.

बहुतेक कॅबिनेटला पुढून १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन फॅन हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा एवढं पुरतं. फॅनच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि मोटरचा आधार दिसतो, तिकडून हवा बाहेर पडते. बसवताना सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून स्क्रू आवळण्याआधी कागदाचा कपटा धरून बघाच. वर फॅन लावायचा तर मागच्या कोपऱ्यात. पुढच्या कोपऱ्यात लावला तर नुकतीच आत आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो बाहेर ओढतो.

मदरबोर्डचं फॅन हेडर, म्हणजे फॅनची वायर जोडायच्या पिना, साधारण १ अँपिअरचं असतं. फॅनवर ०.२ अँपिअर लिहिलं असेल तर स्प्लिटरवर (एका हेडरला अनेक फॅन जोडणारी वायर) चारपेक्षा जास्त जोडू नका. तीन पिनचा फॅन असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ते हेडर ‘डीसी’वर, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलण्यावर करा, चार पिनांच्या फॅनसाठीच्या ‘पीडब्ल्यूएम’वर तो सतत पूर्ण वेगाने ओरडत राहतो. आणि लाइटची वायर नीट बघून लावा: रंगीत लाइटपैकी तीन पिनांची एआरजीबी ५ व्होल्टची, चार पिनांची आरजीबी १२ व्होल्टची. ५ व्होल्टची पट्टी १२ वर गेली की जळालीच.

कॅबिनेट फॅनचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठेवू नका. ते क्षणात वीस अंश उडी मारतं आणि फॅन सारखे वर-खाली करतात. फॅन कंट्रोल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान निवडा: ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ६५ ला ६०, ७५ ला ८५, ८२ च्या पुढे पूर्ण. कार्ड हळू तापतं, त्यामुळे आवाजही हळू चढतो.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या जवळ घर असेल तर फाउंड्रीची काळी धूळ कॅबिनेटच्या धूळ अडवणाऱ्या जाळीवर बसते. उसाचं पाचट पेटवायच्या दिवसांत त्यात काजळीची भर. अशा घरात दर पंधरा दिवसांनी जाळी काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही. ब्लोअर मारताना मशीन बंद करून प्लग काढा आणि फॅनची पाती बोटाने धरा. मोकळी सोडली तर जोराने फिरून बेअरिंग खराब होतं.