चार मित्र, एक गाडी आणि दापोलीचा किनारा: निवांत सहल कशी आखावी

कोकणच्या सहलीची वाट लागते ती यादीमुळे. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो, जो तीन दिवसांत श्रीवर्धनपासून गणपतीपुळ्यापर्यंत सगळं बसवतो. त्याला आधीच सांगून टाका, या वेळी मुक्काम एकच. आंजर्ले, केळशी किंवा दापोलीचं मुरूड, कुठलंही एक गाव निवडा आणि सलग तीन रात्री तिथेच राहा.

१. माणसं आणि महिना. गाडी पाचजणांची असली तरी चौघंच जा. बॅगा मांडीवर घेऊन घाट उतरण्यात मजा नाही. निदान दोघांना गाडी चालवता यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मासे खायला जाणाऱ्यांनी जून-जुलै टाळावेत, कारण तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद असते.

२. खोली ठरवताना जेवणाचं विचारा. या पट्ट्यातल्या बऱ्याच घरगुती निवासांत फक्त शाकाहारी जेवण मिळतं, आणि ते झकास असतं. पण सुरमईची स्वप्नं बघत गेलेल्या मित्राला पहिल्याच रात्री डाळिंब्यांची उसळ वाढली, तर त्याचं तोंड बघवत नाही. जेवण, विशेषतः उकडीचे मोदक, आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात. आयत्या वेळी मागू नये.

३. जाताना. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मग हरिहरेश्वर. पुढे बागमांडल्याला गाडी जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, चढवायची आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. खाडीला वळसा घालण्यापेक्षा हे बरं, शिवाय चालवणाऱ्यालाही पाय मोकळे करता येतात. फेरीच्या वेळा निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. वेसवीनंतरचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. तासाला तीस किलोमीटर धरा, म्हणजे चिडचिड होत नाही. पेट्रोल माणगावलाच भरा, थोडी रोख जवळ ठेवा. रेंज गेली की फोनवरून पैसे देणंही अडतं.

४. दिवस भरती-ओहोटीवर बेता. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला, पोहायला जाताना गावकऱ्यांना विचारायचंच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून, समुद्राला लागून आहे. ती ओहोटीलाच करायची, आणि उधाण असेल तर मुकाट देवळातून नमस्कार करायचा. वाळूवर गाडी नेण्याचा मोहही टाळा. चाक रुतलं की भरती काही थांबत नाही.

५. दिवसाला एकच ठिकाण. एका सकाळी आसूदला केशवराजाच्या देवळात जा. पोफळीच्या बागेतून, ओढा ओलांडून पायऱ्या चढायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव बघा. ओरडाआरडा, बर्फ, वास, सगळं अंगावर येतं, समोर सुवर्णदुर्ग. तिथून मासे घ्यायचे असतील, तर ते शिजवून कोण देणार हे आधी ठरलेलं हवं. मधली दुपार झोपेसाठी ठेवा. कुणाला जायचं नसेल तर पडवीत पडून राहू द्यावं, ओढून नेऊ नये.

६. पैसे. निघतानाच सारखी कॉन्ट्री काढून एकाकडे द्या. पेट्रोल, जेट्टी, चहा सगळं त्यातूनच. जेवणाच्या टेबलावर हिशोब नको.

७. परतताना. न्याहारी करून मंडणगडमार्गे मुंबई-गोवा महामार्गाला लागा. ताम्हिणी उजेडातच चढून व्हावा. शेवटच्या दुपारी समुद्रावर "अजून एक तास" म्हणणारा निघतोच. त्याला मागच्या सीटवर बसवा आणि निघा.