स्वर्गीय नर्तक बघताना या चुका टाळा

या पक्ष्याच्या मागे मागे झाडीत फिरणं ही सगळ्यात मोठी चूक. ओढ्याकाठच्या सावलीत तो सारखा फांदी बदलतो आणि माणूस जवळ सरकला की दाट पानांत शिरतो. त्यापेक्षा पाणी गाठा. उन्हाळ्यात सिंहगडच्या दरीत किंवा अशाच एखाद्या ओढ्यात उरलेलं डबकं शोधा आणि किमान 15 मीटर लांब, मळकट रंगाच्या कपड्यांत बसून राहा. ऊन कलतं तसा तो अंघोळीला येतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवरून सूर मारतो, अंग भिजवून परत वर जातो, पिसं झटकतो आणि पुन्हा सूर मारतो.

पांढरा तो नर आणि तांबूस ती मादी, हेही खरं नाही. लांब शेपटीचे तांबूस नर असतात. कोवळ्या नराची शेपटी आखूडच असते, म्हणून गळा बघा: नराचा काळा, मादीचा राखाडी. तुऱ्यामुळे मादी बुलबुल वाटते, पण तिची पाठ आणि शेपटी तांबूस असते.

फोटोत पांढरा नर नुसता चुन्याचा ठिपका दिसतो, कारण काळोखी पार्श्वभूमी पाहून कॅमेरा उजेड वाढवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). सूर टिपायचा तर शटर 1/1600 सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं, मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) चढला तरी चालेल. फ्रेम मोकळी ठेवा. शेपटी अंगापेक्षा लांब असते आणि नेमकी तीच कापली जाते.

घरट्याच्या बाबतीत मात्र चुकीला माफी नाही. मे ते जुलै हा विणीचा काळ. कोळ्याच्या जाळ्याने विणलेली वाटी बऱ्याचदा हाताच्या उंचीवर असते, आणि फोटोसाठी लोक आडव्या येणाऱ्या डहाळ्या मोडतात. त्याने पिल्लांवर ऊन येतं आणि टकाचोराला (कावळ्याच्या कुळातला पक्षी), कावळ्याला वाट दिसते. डहाळीला हात लावू नका, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवू नका. चोचीत किडा धरून पक्षी घरट्यावर न जाता कर्कश ओरडत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे व्हा आणि तो घरट्यावर जाईपर्यंत लांबच थांबा.