घरात मोबिलिटी स्कूटर वापरताय? फरशी निवडताना या चुका टाळा

दुकानात फरशी बघताना सगळं लक्ष रंग आणि चकाकीकडे जातं. पण जड मोबिलिटी स्कूटरखाली (चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची गाडी) फरशी फुटते ती बहुतेक वेळा खालच्या पोकळीमुळे. स्कूटर १०० किलोची आणि बसणारी व्यक्ती ८० किलोची धरली, तर १८० किलो वजन चार चाकांवर येतं. सीट आणि बॅटरी मागे असल्याने मागच्या एकेका चाकाखाली ५०-६० किलो सहज जातात, तेही टायर टेकतो तेवढ्या काही चौरस सेंटिमीटरवर.

म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे टाइल ठिपक्यांवर बसवणं. चार कोपऱ्यांना आणि मध्ये अॅडहेसिव्हचे गोळे ठेवून टाइल दाबली की काम झटपट उरकतं, लेव्हलही छान दिसते. पण गोळ्यांच्या मधली जागा आणि कडा अधांतरी राहतात. महिन्या-दोन महिन्यांत सांध्यातलं ग्राउट भुरभुरू लागतं, चाक जाताना बारीक ‘कट’ असा आवाज येतो आणि मग एक दिवस कोपऱ्याचा त्रिकोणी तुकडा निघतो. हे टाळायचं तर अॅडहेसिव्ह १०-१२ मिमी खाचांच्या थापीने एकाच दिशेने ओढून घ्या. ६०० × १२०० मिमी किंवा त्याहून मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ थर लावा. काम चालू असताना नुकतीच बसवलेली एखादी टाइल उचलायला लावा. पाठ सगळी माखलेली दिसली पाहिजे. गवंडी कुरकुर करेल, तरी हा आग्रह सोडू नका.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही. अॅडहेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ (टाइल अॅडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि किमान टाइप २ लिहिलेलं बघून घ्या. टाइल एकमेकींना चिकटवून लावू नका. २-३ मिमीचे स्पेसर घाला आणि सांधे एपॉक्सी ग्राउटने भरा.

फरशी आधीचीच असेल तर नाण्याने किंवा लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा. बद आवाज आला की तिथे खडूने खूण करा. स्कूटरच्या वाटेवरच्या, विशेषतः दारापाशी आणि पलंगाजवळच्या वळणावरच्या पोकळ टाइल आधी बदला. जुन्या घरातली मोझॅक फरशी घट्ट बसलेली असेल तर ती मात्र उखडू नका. तशी जाड आणि दणकट फरशी आज नव्याने घालणं सोपं नाही. नवीन घालायची तर २०-२५ मिमी जाडीचा, पॉलिश न केलेला कोटा पक्क्या बेडवर बसवा. खर्चाच्या मानाने तो फार चांगला टिकतो.

लॅमिनेट किंवा विनाइलच्या (प्लास्टिकच्या), एकमेकींत अडकणाऱ्या क्लिकच्या पट्ट्या फोमवर टाकणं ही दुसरी मोठी चूक. जागच्या जागी वळताना चाक फरशीला पीळ देतं. खाली फोम दबतो, वर क्लिकची खाच सैल होते आणि सांधे उघडतात. लॅमिनेटच्या फटीत पोछ्याचं पाणी शिरलं की कडा फुगतात. विनाइलच हवं असेल तर सपाट जमिनीला पूर्ण चिकटवलेलं घ्या.

विनाइलवर काळ्या टायरचे पिवळट-तपकिरी डाग पडतात. रबरातली रसायनं विनाइलमध्ये मुरतात, त्यामुळे कितीही घासलं तरी हे डाग जात नाहीत. बरेच जण डाग पडू नये म्हणून पार्किंगच्या जागी रबरी मॅट टाकतात. डाग तिचाही पडतो. करडे, नॉन-मार्किंग टायर घ्या. व्हिट्रिफाइडवरचे काळे ओरखडे मात्र साबणाचं पाणी आणि पांढऱ्या नायलॉन पॅडने निघतात.

चकचकीत टाइलवर पावसाळ्यात ओली चाकं घसरतात. घरात मॅट, आर१० पकडीची टाइल ठेवा (आर पुढचा आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त). उतारावर आणि बाथरूममध्ये आर११. सगळ्या घरात फार खरखरीत टाइल घातली तर मळ अडकून बसतो. दारातलं सुटं पायपुसणं काढून टाका, चाकाखाली ते गोळा होतं.

उंबऱ्याचा प्रश्न फरशी घालण्यापूर्वीच सोडवा. २० मिमीचा उंचवटा असेल तर १:१२ उताराने २४० मिमी लांबीची उतरंड लागते. नाहीतर रोज आदळणाऱ्या चाकाने टाइलची कड टवके सोडते. तिथे गोल कडेची ग्रॅनाइट पट्टी बसवा.

काँक्रीटच्या स्लॅबला एका स्कूटरने काही होत नाही. लाकडी तुळयांचा मजला असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आणि घाई नको. अॅडहेसिव्हवर दुसऱ्या दिवशी माणूस चालू शकतो, पण स्कूटर निदान सात दिवस, शक्य असेल तर दोन आठवडे नेऊ नका. एक पेटी टाइल जादा घेऊन ठेवा. वर्षभराने त्याच शेडची मिळेलच असं नाही.