पडलेली डर्ट बाईक उचलण्याआधी तिची चाकं कुठे आहेत ते बघा

डर्ट बाईक, म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायची हलकी मोटरसायकल, उचलायला दंडात जोर लागतो, हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. शंभर-सव्वाशे किलोची गाडी तुम्ही अख्खी उचलतच नाही. टायर जमिनीला टेकलेलेच असतात, तुम्ही तिला त्यांच्यावर उभी करता. टायरपासून जितकं लांब धराल तितका भार कमी. म्हणून एक हात हँडलच्या जमिनीकडच्या ग्रिपवर आणि दुसरा सीटच्या मागच्या टोकाखाली. फूटपेगला (पाय ठेवायच्या दांडीला) धरून ओढणारे उगाच कंबर मोडून घेतात.

आधी हँडलवरच्या किल स्विचने इंजिन बंद. कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोल कॉकही. गिअर पडलेला असेल तर तसाच राहू द्या, तोच तुमचा ब्रेक. साइड स्टँड डावीकडे असतो; गाडी उजवीकडे पडली असेल तर तो आताच बाहेर काढा.

उतारावर मात्र घाई करू नका. एकदा माझी बाईक चाकं चढाकडे आणि सीट उताराकडे अशी पडली होती. मी खालच्या बाजूला उभा राहून ती तशीच उचलायला गेलो. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा पाय घसरला आणि गाडी मांडीवर आली. पुढचे आठ दिवस नीट वाकता येत नव्हतं. कारण साधं आहे. सपाटीवर आडवी गाडी 90 अंशांतून उभी करावी लागते. 20 अंशांच्या उतारावर चाकं वर असतील तर तेच 110 अंश होतात, चाकं खाली असतील तर फक्त 70. शिवाय चाकं वर असताना गाडी निसटली तर ती थेट तुमच्या अंगावर येते.

म्हणून तिथे गाडी आधी आडवीच फिरवा. मागचं चाक धरा आणि उताराकडे ओढा. हँडलच्या टोकावर आणि फूटपेगवर ती गरकन फिरते. तुम्ही बाजूला राहा, खाली नको. बोटं चेन आणि स्प्रॉकेटपासून लांब ठेवा, सायलेन्सर तापलेला असतो हेही विसरू नका. चाकं उताराकडे आली की वरच्या बाजूला, सीटजवळ जा.

आता पुढच्या चाकाचं तोंड जमिनीकडे येईल असं हँडल पूर्ण वळवा. गुडघे वाकवून खाली बसा, पाठ सरळ, छाती गाडीजवळ. हिसका देऊ नका, पायांनी रेटत उठा. पहिली वीतभर उंची सगळ्यात जड जाते. गाडी थोडी वर आली की मांडी सीटला टेकवा. शेवटी भार एकदम नाहीसा होतो आणि तिथेच लोक जोर लावत राहतात. मग गाडी पलीकडे आडवी होते. उजवा ग्रिप हातात असेल तर पुढचा ब्रेक दाबून धरा.

गाडीकडे पाठ करून कुल्ल्यांनी रेटायची पद्धत जड टूरिंग बाईकसाठी ठीक आहे. डर्ट बाईक जवळजवळ सपाट पडते, सीट फार खाली जाते आणि मागे काय चाललंय ते दिसत नाही. उतारावर तर ती पद्धत वापरूच नका.

उभी झाली की थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मागे येतो का ते आधी बघा, मगच स्टार्ट करा.

अरुंद वाटेवर वळवायची असेल तर सीटखालची फ्रेम धरून मागचं चाक थोडंथोडं सरकवा. मडगार्डचं प्लास्टिक धरू नका, तुटतं. चिखलात मागचं चाक रुतलं तर थ्रॉटल पिळत बसू नका. गाडी आडवी करा, खड्डा दगड-मातीने भरा, पुन्हा उभी करा.

चढावर गाडीवर न बसता ती चालत न्यायची असेल तर डावीकडून चाला, इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच अर्धवट. उतारावर इंजिन बंद आणि पहिलाच गिअर: क्लच दाबला की गाडी सरकते, सोडला की मागचं चाक अडतं. पायाचा ब्रेक उजवीकडे असतो, डावीकडून चालताना तो हाताशी नसतो; त्यामुळे उतारावर क्लचवरची बोटं काढू नका.