लिफ्ट केलेल्या गाडीचं स्टेअरिंग अडकायलंय? पार्ट मागवायच्या आधी हे बघा

जिप्सी असो, जुनी एमएम ५४० असो की थार, गाडी उचलली, मोठे टायर टाकले आणि महिना दोन महिन्यात तक्रार सुरू होते की स्टेअरिंग मधेच दाबून धरल्यासारखं होतं, मग सुटतं. गॅरेजवाला म्हणतो बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडं पोचवणारी गिअरची पेटी) गेला, दुसरा म्हणतो किंग पिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती) गेली, आणि आपण उगं पार्ट आणत बसतो. कुठं अडकतंय ते अर्ध्या तासात कळतं, फक्त चाकाकडची बाजू आणि हाताकडची बाजू वेगळी करून बघायची.

पहिले एक खात्री करा, ४x४ मधे टाकून डांबरी रोडवर तर चालवत नाही ना? आपल्या बऱ्याच गाड्यांना पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं, वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि सगळं पिळून बसतं, मग स्टेअरिंग जड लागणारच. तो बिघाड नाही. थोडं सरळ रिव्हर्स घ्या, टू एच मधे (फक्त दोन चाकांना ताकद) टाका. तरी अडकत असेल तर पुढं वाचा.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथंच सगळे गोंधळतात. कमानपाटे किंवा स्प्रिंग बदलून गाडी उचलली असेल तर चासी आणि बॉडी दोन्ही सोबतच वर जातात, म्हणजे स्टेअरिंग कॉलम आणि बॉक्स यांचं एकमेकांशी नातं बदलत नाही. पुढचा एक्सल अखंड असलेल्या गाडीत बदलतो तो ड्रॅग लिंकचा (बॉक्सपासून चाकाकडं जाणारा रॉड) कोन, कारण बॉक्स वर गेला आणि एक्सल खालीच राहिला. पण बॉडी लिफ्ट केली असेल, म्हणजे चासी आणि बॉडीच्या मधे स्पेसर टाकले असतील, तर कॉलम बॉडीसोबत वर गेला आणि बॉक्स चासीवर खालीच, त्यामुळं या दोघांना जोडणाऱ्या मधल्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) जास्त वाकतात आणि शाफ्ट लांब ओढला जातो. म्हणून तुमची लिफ्ट कुठल्या जातीची आहे त्यावरून संशय कुठं घ्यायचा ते ठरतं.

मग कसं अडकतंय ते हाताला ओळखा. दोन्ही पुढची चाकं जॅकवर उचला, खाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर भरोसा ठेवून खाली शिरू नका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा.

स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं होत असेल तर क्रॉसच समजा. वाकलेला क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग बदलतो, हा त्याचा स्वभावच आहे, ३० अंशाला हा फरक साधारण १५ टक्क्यांपर्यंत जातो. दोन क्रॉस बरोबर जुळवून, सारख्या कोनात बसवले तर एकाचा फरक दुसरा खातो, पण शाफ्ट काढून परत बसवताना कुणी स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे खाचेदार दात) एखादा दात फिरवून टाकला तर दोघं मिळून त्रास देतात. ३०-३५ अंशांच्या पुढं साधा क्रॉस वापरू नका, तिथं डबल जॉइंट लागतो. आणि एका शाफ्टला तीन जॉइंट झाले तर मधे आधाराचं बेअरिंग पाहिजेच.

फक्त मधोमध, चाकं सरळ असताना जड लागत असेल तर बॉक्सचा अॅडजस्टिंग स्क्रू जास्त आवळलेला आहे. हे आपल्याकडं लई होतं. लिफ्टनंतर गाडी रोडवर इकडंतिकडं भरकटते, मालक म्हणतो प्ले आहे, मेकॅनिक बॉक्स टाईट करून देतो. लॉक नट ढिला करा, स्क्रूवर खूण करा, पाव फेरा सोडून बघा.

एकाच बाजूला, अगदी टोकाला अडकलं तर काहीतरी घासतंय: टायर पाट्याला, ड्रॅग लिंक चासीला, नाहीतर रॉडच्या टोकाच्या जॉइंटचा बॉल त्याच्या कपाच्या कडेला टेकतोय. लाईट घेऊन बघा, घासल्याची चमक दिसतेच.

आणि हवेत सगळं लोण्यासारखं फिरतं, जमिनीवरच जड, तर टायर रुंद झाले, हवा कमी आहे किंवा कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागं-पुढं कल) बदलला आहे. कॅस्टर वाढला तर जड होतं, कमी झाला तर वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही. पॉवर स्टेअरिंग असेल तर बेल्ट आणि ऑइलची पातळी इथंच बघून घ्या.

तरी कळत नसेल तर ड्रॅग लिंक पिटमॅन आर्मपासून (बॉक्सला लावलेला फिरणारा हात) सोडा. पुलर वापरा, हातोड्यानं आटे बिघडवू नका. आता स्टेअरिंग फिरवलं आणि अडकणं तसंच राहिलं तर दोष वरती आहे: कॉलम, शाफ्ट किंवा बॉक्स. मोकळं झालं तर दोष खाली, चाकाला हातानं वळवून बघा. दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉडसुद्धा सोडला की कुठल्या बाजूचं नकल (चाकाला धरून वळणारा भाग) जड आहे ते वेगळं कळतं. जिप्सीत किंग पिनच्या बेअरिंगचा ताण शिमनी (पातळ चकत्यांनी) ठरतो, तो स्प्रिंगच्या काट्यानं ओढून मोजायचा आणि गाडीच्या मॅन्युअलशी ताडायचा, अंदाजानं शिम काढू-घालू नका.

दोष वर निघाला तर शाफ्ट बॉक्सपासून सोडायच्या आधी चाकं सरळ करा, स्प्लाइनवर पेंटनं खूण करा आणि स्टेअरिंग सीट बेल्टनं बांधा. एअरबॅगवाल्या गाडीत ते मोकळं फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगच्या वायरची गुंडाळी) तुटते.

आपल्या भागातला एक वेगळा त्रास म्हणजे काळी माती. परभणी-हिंगोलीकडं पावसात शेतातून गाडी काढली की ती क्रॉसमधे आणि नकलच्या सीलमधे जाऊन बसते, आणि मग उन्हाळ्यात कडक होते. त्यात वॉशिंगवाला प्रेशरनं पाणी मारून ग्रीस उडवतो. शाफ्टचे बरेच क्रॉस सीलबंद असतात, ग्रीसचं निप्पलच नसतं. गंज सोडवणारं तेल मारून मोकळा झाला तरी तो थोड्या दिवसांचा पाहुणा, बदलून टाका. गरम करून, वेल्डिंग मारून जुगाड तर अजिबात नको. स्टेअरिंगचा शाफ्ट आहे तो, ट्रॉलीचा हूक नाही. आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदल केलेल्या गाड्यांसाठीच आहे, आरटीओचं काय ते आधी बघून घ्या.

सगळं जोडताना स्प्लिट पिन नवी टाका, शाफ्टचा पिंच बोल्ट खाचेत बसलाय का ते डोळ्यानं बघा आणि स्प्लाइन आत पुरेशी गेलेली आहे ना ते बघा, बॉडी लिफ्टमधे हीच कमी पडते. दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा होज ताणतो का तेही बघा. मग आधी मोकळ्या मैदानात आठाचा आकडा काढा, बोल्ट परत एकदा तपासा, आणि त्यानंतरच कन्नडच्या घाटाचं नाव काढा.